बाहेरचं बल

चपला काढायच्या आधीच सरांनी शिलाई मशीनवरच्या दिव्याला हात लावून पाहिला. दिवा गार होता. जुन्या चालीचा पिवळा बल्ब तो. थोडा वेळ पेटवला तरी नंतर बराच वेळ धग धरून ठेवतो, हे सरांना कुणी सांगायला नको होतं. कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे आणि त्यातही उष्णता म्हणजे त्यांचा हातखंडा.

“आलात?” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

“हो. आज शिवलं नाहीस वाटतं काही?”

“शिवलं की. एका शर्टाची काजं केली.”

“दिव्याशिवाय?”

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

“खिडकीशी बसले होते.”

खिडकीचा पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलेला होता. हातपाय धुवायला म्हणून सर आत निघाले आणि पॅसेजमध्ये थबकले. हल्ली रोजच्यासारखं सकाळी बायको आंघोळीला गेल्यावर त्यांनी तिथलं लाकडी स्टूल भिंतीपासून वीतभर अलीकडे ओढून ठेवलं होतं, एक पाय बरोबर फरशीच्या सांध्यावर. आता ते पुन्हा भिंतीला चिकटून शहाण्यासारखं उभं होतं. स्थिर वस्तू आपणहून हलत नाही. तिला बाहेरचं बल लागतं. हा नियम सरांनी आयुष्यभर फळ्यावर लिहिला होता. पण घरात तो असा छातीत येऊन बसेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

या सगळ्याला सुरुवात पंपवाल्या काकांनी केली. इमारतीचा पाण्याचा पंप चालू-बंद करणं हे त्यांचं काम, आणि उरलेल्या वेळात इमारतीची बित्तंबातमी ठेवणं ही हौस.

“सर, दुपारी पाहुणे असतात का हो तुमच्याकडे?” त्यांनी जिन्यात गाठून विचारलं होतं.

“नाही. का?”

“काही नाही, बाप्याचा आवाज येतो. आणि पडदे सगळे बंद. वहिनींना उन्हाचा त्रास होत असेल म्हणा.”

“रेडिओ लागला असेल.”

“असेल, असेल,” काका म्हणाले, आणि त्या दुसऱ्या ‘असेल’नं सरांची झोप उडाली.

दुसरा कुणी असता तर घरात जाऊन सरळ विचारून मोकळा झाला असता. पण सरांचा जन्म मोजण्यात गेलेला. सांगितलेलं खोटं असू शकतं, मोजलेलं नाही, असं ते प्रत्येक नव्या वर्गाला बजावायचे. मुलं त्यांना पाठीमागे ‘घर्षण’ म्हणायची, कारण प्रत्येक गणिताची सुरुवात ते “घर्षण नगण्य मानू” अशी करायचे. तर या घर्षणसरांनी संसारातलं सगळं नगण्य मानलं आणि घराची प्रयोगशाळा करून टाकली.

मुलगी नोकरीसाठी परगावी गेल्यापासून दुपारी घरात बायको एकटीच असायची. म्हणजे, असायला हवी होती. पण ओट्यावर कप दोन पालथे घातलेले दिसत. पातेल्यातला चहा मात्र एकाच माणसाचा, हे त्यांनी उरलेल्या चोथ्यावरून ताडलं होतं. मग दुसऱ्या कपात काय होतं? ओट्याखालची फरशी ताजी पुसलेली असे. त्यांचा स्वतःचा मोठा हातरुमाल एकदा धुण्याच्या बादलीत सापडला, टोकांना गाठीच्या चुण्या पडलेला. कशाला बांधला होता तो? सरांनी तो नाकाशी नेऊन हुंगला सुद्धा. तिच्याच केसांच्या तेलाचा वास आला, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की रुमाल त्यांनी बादलीत अगदी तळाशी कोंबला.

लाज काही टिकली नाही. पुढच्याच आठवड्यात त्यांच्या कपाटातला नालाकृती चुंबक गायब झाला आणि तिच्या शिवणाच्या डब्यात निघाला.

“हा इथं कसा?”

“सुया सांडल्या की गोळा करायला बरा पडतो.”

“मग वेचायच्या की हातानं.”

“वेचते. पायात रुतल्यावर,” ती हसून म्हणाली, पण त्यांच्याकडे न बघता.

पूर्वी सुईत दोरा ओवायला ती त्यांच्याकडे यायची. पेपर तपासता तपासता ते म्हणायचे, “चष्मा बदल.” अलीकडे ती येईनाशी झाली होती. सरांनी याचीही नोंद घेतली, अर्थात मनात: पूर्वी गरज होती, आता नाही. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. सरांना तर त्या पिवळ्याची तरंगलांबीही सांगता आली असती.

तिच्या नडगीवरच्या काळ्यानिळ्या डागानं मात्र त्यांचं डोकंच फिरलं.

“हे काय लागलं?”

“मशीनचं पायडल.”

ती झोपल्यावर त्यांनी पट्टी घेऊन पायडलची उंची मोजली. पायडल नडगीपर्यंत येतच नव्हतं. म्हणजे ती खोटं बोलत होती. माहेरची ओढगस्तही जिनं कधी त्यांच्यापासून लपवली नाही, ती एका डागासाठी खोटं बोलत होती. त्या रात्री सर भिंतीकडे तोंड करून पडले. आपण या बाईशिवाय कसे राहणार, हा विचार त्यांना पहिल्यांदा आला. तरी सकाळी उठून त्यांनी स्टूल ओढलंच, या खेपेस जरा जास्त.

कॉलेजात त्या दिवशी पुस्तकातला शेवटचा धडा होता. परीक्षेत त्यावर फारसं काही येत नसल्यामुळे तो ते दरवर्षी घाईत उरकायचे.

“अतिसूक्ष्म कण असा असतो की आपण त्याच्याकडे पाहायला जावं आणि पाहण्यानंच तो जागचा हलावा.”

“मग पाहायचंच कशाला, सर?” मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

“हे फक्त कणांपुरतं. घरातल्या टेबलखुर्चीला लागू नाही,” सर म्हणाले, खडू खाली ठेवला आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी निघाले.

दार त्यांनी आपल्या किल्लीनं उघडलं, चोरासारखं, बिजागरीला जराही कुरकुरू न देता. आत अंधार होता. पडदे बंद. स्वयंपाकघरातून खरोखरच बाप्याचा आवाज येत होता. सरांचे कान तापले. पॅसेजच्या तोंडाशी ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, आणि मग त्यांना कळलं की तो बाप्या हवामानाच्या बातम्या देतोय. रेडिओ. आवाज एकाच कोपऱ्यातून, एकाच उंचीचा. रेडिओच होता.

हायसं वाटायला पुरेसा वेळ मिळाला नाही. स्वयंपाकघराच्या दारात बायको आली. डोळ्यांवर त्यांचा रुमाल घट्ट बांधलेला. एका हातात वाफाळता कप. दुसऱ्या हाताची बोटं, उलटी, भिंतीवरून सरकत होती. रेडिओ पाठीशी ठेवून ती सावकाश पॅसेजमधून येत होती. ओठ पुटपुटत होते. पावलं मोजत होती ती.

आणि वाटेत स्टूल होतं, भिंतीपासून जरा जास्तच अलीकडे, बरोबर नडगीच्या उंचीचं.

हाक मारावी तर ती दचकेल, चहा अंगावर सांडेल. सर वाकले, दोन्ही हातांनी त्यांनी स्टूल अलगद उचललं आणि पोटाशी धरून समोरच्या भिंतीला चिकटले. आयुष्यात कुठलं उपकरण त्यांनी इतक्या जपून उचललं नव्हतं.

ती अगदी जवळ आली. पाऊल पुढे टाकायच्या आधी थांबली, अंग चोरलं, मार खायच्या तयारीत असल्यासारखं. मग पायाच्या अंगठ्यानं पुढे चाचपलं. काही लागलं नाही. तिचा चेहरा उजळला.

“आज जमलं,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती भिंतीकडे वळली आणि बसायला म्हणून मोकळा हात खाली नेला. जिथं स्टूल असायला हवं होतं, तिथं काहीच नव्हतं. हात इकडे गेला, तिकडे गेला, पुन्हा पहिल्या जागी आला. कपातला चहा डुचमळला.

“अगंबाई. इथंच तर ठेवलेलं,” तिचा आवाज बारीक झाला. “नाही जमायचं मला. रोज कुठंतरी चुकतंच माझं.”

सरांनी स्टूल तिच्या हाताखाली सरकवलं.

तिचा तळवा लाकडाला लागला. बोटं कडेवरून फिरत गेली आणि त्यांच्या बोटांवर येऊन थांबली. खडूची पूड लागलेली ती बोटं तिनं अंगठ्यानं चोळून पाहिली. रुमाल काढला नाही.

“अहो,” ती म्हणाली. “रोज तुम्ही हलवत होतात हे?”

“हो.”

रेडिओवर कुठंतरी ढगाळ राहणार असल्याचं सांगत होते. सर शिव्याशाप ऐकायला तयार होऊन उभे राहिले, निदान ‘का?’ तरी. काय सांगणार होते ते? तिच्या नडगीवरचा डाग त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

“बरं झालं बाई,” ती म्हणाली, आणि स्टुलावर मटकन बसून रडायला लागली. “मला वाटलं, माझंच चुकतंय. सगळी घडी बसवून झोपायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा धडपडायची. म्हटलं, डोळे जातात ते जातात, डोकंही चाललं की काय.”

सर तिच्या पायाशी खाली फरशीवरच बसले.

“डोळे?”

“कडेकडेनं अंधारत आलंय. समोरचं दिसतं अजून, तेही उजेडात. डॉक्टर म्हणाले, तेही हळूहळू जाईल. इलाज नाही.”

“कधीपासून?”

“तुम्ही ‘चष्मा बदल’ म्हणत होतात ना, तेव्हापासून.”

सरांचा हात तिच्या नडगीवरच्या डागाशी गेला.

“सांगायचं नाही असं नव्हतं हो,” तिनं पदरानं नाक पुसलं. “पण तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. त्या तुमच्या प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूसारखं काचेच्या कपाटात ठेवलं असतंत मला, वर ‘हात लावू नये’ची पाटी. म्हटलं आधी शिकून घेते, रोज कपात पाणी ओतून ओतून का होईना. घर अंधारात चालवता यायला लागलं की मग सांगते.”

तिनं कप त्यांच्या हातात दिला, न सांडता, आणि उठली.

“घ्या. मी दुसरा करून आणते.”

सर अर्धवट उठले.

“बसा म्हटलं ना.”

ते बसले. ती भिंतीवरून बोटं फिरवत आत गेली. थोड्या वेळानं कपात चहा ओतल्याचा आवाज आला. कप भरत आला तसा तो आवाज वरच्या, आणखी वरच्या पट्टीत चढत गेला, आणि काठाच्या बोटभर खाली बरोबर थांबला. नुसत्या आवाजावरून कप किती भरला ते कसं कळतं, हे सरांना वर्गात सांगता आलं असतं.

पावलं परत येऊ लागली. सरांनी कप बाजूला ठेवला, स्टुलाचे पाय भिंतीशी नीट टेकवले, आणि ती येऊन बसेपर्यंत दोन्ही हातांनी ते घट्ट धरून ठेवलं.