पुसता न येणारा फोटो

आमच्या गावात माणूस गेलं की घरचे आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणतात. दुसरा सापडतच नाही. साखरखेर्ड्यात अशा कितीतरी घरांत भिंतीवरून घाबरलेली, डोळे ताणलेली माणसं पाहतात. तानाबाईच्या वाट्याला तो फोटो येऊ नये, एवढीच माझी इच्छा होती. आधार कार्डावर ती कोणीतरी दुसरीच बाई दिसते.

तानाबाई माझी बायको. लग्नाला बावन्न वर्षं झाली. पुढचे दोन दात पडल्यापासून फोटो म्हटलं की तिचा पदर तोंडावर जातो. नातीने, म्हणजे धम्मशीलाने, मोबाइलवर चोरून काढला तरी ती म्हणते, "दाखव." पाहून झाला की म्हणते, "डिलीट कर." इंग्रजीतला हा एकच शब्द तिला पक्का येतो, आणि झाला की नाही हे ती डोळ्यांनी पाहून घेते. मला ती हसताना हवी होती. तसा फोटो कितीदा निघाला आणि कितीदा पुसला, मोजदाद नाही.

धम्मशीला मेहकरला रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिला फोटोचं वेड. एक दिवस ती म्हणाली, "आबा, आपण रोलवाला कॅमेरा घेऊ. त्याच्यात दाखवायले काही नसते, अन् पुसता बी येत नाही."

"असा अजून भेटते?"

"जुना भेटते. आमच्या लॅबसमोर अविनाशभाऊचा स्टुडिओ हाय."

शनिवारी तिच्याबरोबर मीही एसटीत बसलो.

अविनाशभाऊंचा स्टुडिओ आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्सवर चालतो. आम्ही कशाला आलो ते ऐकून त्यांनी कपाटाच्या खालच्या खणातून फडक्यात गुंडाळलेले दोन कॅमेरे काढले. एक नव्यासारखा चकचकीत. दुसऱ्याचा काळा रंग कोपऱ्यांवर घासून गेलेला, आतलं पितळ उघडं पडलेलं. धम्मशीलाचा हात चकचकीतवर गेला.

"तो एका डॉक्टरचा," अविनाशभाऊ म्हणाले. "दहा रोलही काढले नसतीन त्यानं. हा दुसरा माहा. याच्यावर चारशे लग्नं झाले."

"त्यातले टिकले किती?" मी विचारलं.

"ते नवरदेवाले विचारा बाबा. फोटो सगळे टिकले."

मग त्यांनी वरची आकड्यांची चकती समजावली. एकवर ठेवलं की आतला पडदा एक सेकंद उघडा राहतो. दोनवर अर्धा सेकंद, चारवर पाव. मी पुन्हा विचारलं, कारण आकडा वाढला की वेळ कमी होतो हे मला उलटंच वाटलं. अक्षरं आणि आकडे मी चाळिशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात शिकलो. त्यांच्याशी अजूनही जरा जपूनच वागतो. पण ढोलकी त्याच्या कितीतरी आधी हातात आली होती. भीमगीतांच्या पार्टीत मी चाळीस वर्षं वाजवली.

"म्हणजे ही बराबरची लय," मी म्हणालो. "मंग दुगुन. मंग चौगुन."

अविनाशभाऊ माझ्याकडे पाहत राहिले. "तसंच म्हना."

"वाजवा मंग."

मी डोळे मिटले. डॉक्टरांचा कॅमेरा आधी वाजला. पडदा उघडल्याचा आवाज आला, पण मिटल्याचा जागेवर आला नाही, मागे रेंगाळला. दुगुन लावली तरी तीच रेंगाळ. बराबर कोणती आणि दुगुन कोणती, फरकच कळेना.

"हा ठेका सोडून राह्यला," मी म्हणालो.

मग पितळेचा वाजला. दोन आवाज, मधलं अंतर नेमकं. दुगुन त्याच्या बरोबर निम्मी, चौगुन तिच्या निम्मी. मी मांडीवर हात मारत मोजलं आणि कुठेही चुकलो नाही. शिवाय याचा आवाज मऊ होता. दाराची कडी हळूच लावावी तसा.

"पडून पडून आतलं तेल घट्ट होते," अविनाशभाऊ म्हणाले. "माहा मी दर महिन्याले चालवत राहतो, रोल नसला तरी. पण जलद आकडे कानाले कळत नाहीत बाबा. अडीचशेपर्यंत माही जबाबदारी. हजारचं मी बी नाही सांगत."

मला हा माणूस आवडला.

आता काच, म्हणजे लेन्स, घ्यायची होती. धम्मशीलाला लांबची हवी होती, नळकांड्याएवढी. ओसरीवरून अंगणातल्या आजीचा चेहरा ओढून घेता येईल, आजीला पत्ता लागणार नाही, असा तिचा बेत. अविनाशभाऊंनी ती काच काढली आणि खिडकीच्या उजेडात धरून मला आत पाहायला लावलं. आत पांढरे बारीक धागे पसरले होते, ओल्या कोठीतल्या तुरीवर येतात तसे.

"बुरशी," मी म्हणालो.

"हाव. हे मी तुमाले देत नाही. चेहऱ्यावर धुकं येईन." त्यांनी दुसरी काच पुढे केली, आखूड, स्वच्छ. "हे न्या. पण हिच्यासाठी मानसाजवळ जा लागते. चार हातांवर."

धम्मशीलाचं तोंड उतरलं. चार हातांवरून चोरी होत नाही.

आम्ही पितळेचा कॅमेरा आणि आखूड काच घेऊन आलो. रोलची डबी तिने पर्समध्येच ठेवली. तिचा नवा बेत मला एसटीतच कळला. आधी रिकामा कॅमेरा रोज वाजवायचा. आजीला सवय झाली की गुपचूप रोल भरायचा.

पहिल्या दिवशी तानाबाईने विचारलं, "भरेल हाय का रिकामा?"

"रिकामा हाय आजी. हात बसवून राह्यली."

"मंग वाजव."

आठ दिवस असंच चाललं. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. तिसऱ्या दिवसापासून पदर खाली राहू लागला. पाचव्या दिवशी कॅमेऱ्याकडे पाहून ती चक्क हसली, दोन दातांची खिडकी उघडी टाकून, आणि मी मनात म्हटलं, हाच, हाच पाहिजे.

नवव्या दिवशी रविवार होता. तानाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. रोल आत होता. धम्मशीला तिच्यासमोर चार हातांवर उकिडवी बसली.

"भरेल हाय का रिकामा?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी तानाबाईशी आयुष्यात खोटं बोललोच नाही असं नाही. पण आठ दिवस तिने विश्वासाने विचारलं होतं, आणि त्या विश्वासावरच तिचा पदर खाली आला होता.

"भरेल हाय," मी म्हणालो.

पदर वर गेला. धम्मशीलाने कॅमेरा खाली केला. मला वाटलं, संपलं.

मग तानाबाई सुरू झाली. "म्हणजे आठ दिवस दोघं मिळून मले मानसाळवत होते? एकाले मले कवळी बसवून द्याची अक्कल नाही, अन् चालले बायकोचे फोटो काढाले. हे शेंगा कोण सोलीन? मी काय सर्कशीतली वाघीन हाय, का बसले मले धरायले?"

भांडताना तिला दोन्ही हात लागतात. पदर कधी सुटला तिला कळलं नाही. एक हात माझ्याकडे आला, बोट ताठ. आणि कडी लागल्यासारखा तो मऊ आवाज झाला.

तानाबाई थांबली. "दाखव."

धम्मशीलाने कॅमेऱ्याची पाठ दाखवली. नुसतं काळं चामडं.

"डिलीट कर."

"होत नाही आजी."

त्या दिवशी आम्हां दोघांना चहा मिळाला नाही.

रोल कुरिअरने पुण्याला गेला आणि तीन आठवड्यांनी फोटो आले. छत्तीसातले बरेच वाया गेले होते. शेळी, कडुनिंब, माझे पाय. तो मात्र स्वच्छ आला होता. हसू त्यात नव्हतंच. तोंड उघडं, दातांची खिडकी, कपाळाला आठ्या, बोट माझ्यावर रोखलेलं. मला आधी वाईट वाटलं. मग पाहता पाहता वाटलं, बावन्न वर्षं माझ्यासमोर जी बाई आहे ती हीच.

तानाबाईने फोटो हातभर लांब धरला, मग दारातल्या उजेडात नेला. ती आता फाडते की काय म्हणून मी मागे उभा.

"ही त माय हाय," ती म्हणाली.

"कोनाची माय?"

"माही. अशीच भांडे. बोट असंच. खालचा ओठ पाहा ना."

जानेफळला तिच्या माहेरी मायचा फोटो कोणी कधी काढला नव्हता. मायला जाऊन चव्वेचाळीस वर्षं झाली. तानाबाई उंबऱ्यावर बसली. नखाने फोटोची कड सरळ करत राहिली.

मग नातीला म्हणाली, "धम्मे, याचे अजून फोटो निघतात का?"

"पाहिजे तेवढे."

"एक जानेफळले धाड, माह्या भावाले. माहं नाव नको टाकू. वळखते का पाहू."

मी खिळा आणि हातोडी शोधायला उठलो. खिळा ठोकताना ती मागून सांगत होती, वर घ्या, अजून वर, इतकं बी नाही.