मानाचा नारळ

होडीतून उतरून अंजनी बांधाबांधाने गावाकडे निघाली, तेव्हा लांबूनच तिला मुसळाचे घाव ऐकू आले. भात कांडतानाचा आवाज मऊ असतो. हा कडक होता, हळकुंडं फुटल्यासारखा. अवेळी हळद कांडतात म्हणजे गावात कुणाचं तरी लग्न निघालं. कुणाचं बरं, असा विचार करत ती घराशी पोचली आणि चपला काढायच्या विसरून उभीच राहिली. उखळ त्यांच्याच अंगणात होतं. बापाची धाकटी बहीण सगुणाबाई कासोटा खोचून मुसळ हाणत होती आणि तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पिवळा रंग चढला होता.

"कुनाचं लगीन गो आते?"

"कुनाचं म्हंजे? तुजंच!" आत्या मुसळ न थांबवता म्हणाली. "सुपारी आली गो तुजी. बामनाच्या घरची. नशीब काढलंस बाय."

अंजनीच्या हातातली पुस्तकं खाली पडली.

तिचं आणि बापाचं एक बोलणं झालेलं होतं. गेल्या वर्षी ती मॅट्रिक पास झाली, तेव्हा बदलापूरच्या मास्तरांनी तिच्या बापाला, भगवंतला, सांगितलं की पोर हुशार आहे, तिला पुढे शिकवा. नदीपलीकडच्या आपल्या गावात भगवंत भाताची शेती करायचा. त्याच्या घरात सही करणारी अंजनी पहिली. गावातून कॉलेजात गेलेला पुरुषसुद्धा कुणी नव्हता, मग पोरीची काय कथा. पुष्कळ दिवसांनी भगवंत म्हणाला, "जा. पर सुपारी आली का कालेज बंद." एवढ्या अटीवर ती निर्वासितांच्या कॅम्पातल्या कॉलेजात जाऊ लागली. कॉलेज म्हणजे लष्कराने सोडलेल्या दोन बराकी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी मंडळींनी गोणपाटाचे पडदे लावून त्यांत वर्ग पाडले होते. पलीकडचा तास अलीकडे ऐकू यायचा. अंजनीला ते सगळं देवळासारखं वाटायचं. रोज संध्याकाळी घरी येताना ती मनात म्हणायची, आज नको, आज सुपारी नको.

आणि ती आज आली होती.

"कोन आलं व्हतं?" तिने आईला विचारलं. गोदूबाई चुलीपुढे बसली होती. ती भेदरलेली दिसत होती.

"तुजी ती बाय. मालिनीबाय."

अंजनीला वाटलं, आपल्या कानात काहीतरी बिघडलं आहे. मालिनीबाई त्यांना इतिहास शिकवायच्या. अंबरनाथच्या कारखान्यात त्यांचे वडील साहेब होते. गोऱ्या, बारीक चणीच्या, चष्मा लावणाऱ्या त्या बाई होडीत बसून, चिखल तुडवून या घरी आल्या होत्या?

मग आत्याने सगळं सांगितलं. बाई दुपारी आल्या. ओसरीवर बसल्या. गूळपाणी घेतलं. पिशवीतून नारळ, सुपारी आणि खण काढला आणि गोदूबाईची ओटी भरली. वर म्हणाल्या, "तुमची अंजनी आता आमची झाली हो. रविवारी तुम्ही दोघं तिला घेऊन या. तुमचा मान आहे."

"मंग मी इचारलं, घरात लग्नाचं कोन हाय?" आत्या म्हणाली. "तर हसली नि सांगलंन, भाऊ हाय, श्रीपाद नावाचा. नोकरीला हाय. आता आनि काय पायजेल?"

अंजनी देव्हाऱ्याकडे धावली. नारळ तिथे होता, शेंडीसकट, अख्खा. त्यांच्यात सोयरिकीचा नारळ असाच ठेवतात. लग्न लागेपर्यंत तो कुणी फोडायचा नाही. तो देव्हाऱ्यात आहे तोवर पोर दिलेली.

"आये, ह्ये तसं नसंल," ती म्हणाली. पण कसं असेल, ते तिला सांगता येईना. कॉलेजात रविवारी काहीतरी समारंभ आहे, एवढंच तिला ठाऊक होतं. कसला, ते मालिनीबाईंनी मुद्दाम कुणाला सांगितलं नव्हतं. विचारलं की नुसत्या हसायच्या.

भगवंत शेतावरून आला आणि पाय धुता धुता त्याने सगळं ऐकलं. तांब्या त्याच्या हातातच राहिला.

"मना इचारलं?" तो म्हणाला. "बापाला न इचारता बायकांच्या ओटीत सुपारी घालतात? आनि आपल्या जातीत काय पोरं मेली?"

"दादा, नोकरीवाला हाय," आत्या म्हणाली.

"गप गो!"

"बा, कालेजात मान करतात कुनाकुनाचा. तसं काय असंल," अंजनी म्हणाली.

"मान? कशापायी? तू शिकतेस, त्यात माजा नि तुज्या आयशीचा मान कशाला? कुनी फुकट नारल देतं?" तो तिच्याकडे बघतही नव्हता. "रईवारी जायाचं. त्यांचा नारल त्यांना चारचौघांत परत द्यायचा. आनि पोरी, त्ये कालेज खलास. मुली हेरायला बराकी बांधल्यान लेकांनी."

रविवारपर्यंत त्याने तिला होडीत पाऊल ठेवू दिलं नाही. अंजनी भांडी घासायची, पाणी भरायची, आणि जाता येता देव्हाऱ्यातल्या त्या नारळाकडे बघायची. मालिनीबाईंनी असं कसं केलं? कबूल आहे का म्हणून एका शब्दाने विचारलं नाही? वर्गात तिला पुढच्या बाकावर बसवायच्या, ते काय नवरी बघायला? असं मनात आलं की तिलाच धक्का बसायचा.

रविवारी चौघं कॅम्पात पोचली. भगवंतने धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि नारळ फडक्यात बांधून घेतला होता. बराकीच्या दाराला आंब्याचं तोरण होतं. आत सतरंज्या, समोर लाकडी व्यासपीठ. मालिनीबाई धावतच आल्या. "या, या गोदूबाई! मला वाटलं, येता की नाही!" त्यांच्यामागे एक गोरा, उंच तरुण सरबताचे पेले भरत होता. "हा माझा भाऊ, श्रीपाद. मदतीला आलाय."

आत्याने अंजनीला कोपराने ढोसलं. "त्योच गो! बरा हाय की. जरा लुकडा हाय."

अंजनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रिन्सिपॉल होतचंदसाहेब बोलायला उठले. ते सिंधी, म्हातारे आणि फार सावकाश बोलणारे. हिंदीत म्हणाले, आमच्या कॉलेजात अशी काही मुलं आहेत, ज्यांच्या घरातून आजवर कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. मुलांना हार आम्ही नंतर घालू. ज्यांनी त्यांना पाठवलं, त्यांना आज आधी घालणार आहोत.

अंजनीने झटकन मान वर केली. मालिनीबाई तिच्याकडे बघून हसत होत्या. हे होतं तर! आईबापांचा मान. आमंत्रण द्यायला रिकाम्या हाती जाऊ नये म्हणून नारळ. मुंजीचं आमंत्रण करायला जावं, तशा बाई आल्या होत्या, आणि ती सुपारी गावाने सोयरिकीची ठरवली होती. ती बापाकडे वळली, "बा, ऐक," म्हणाली. पण त्याने तिला हातानेच थांबवलं, आणि तेवढ्यात पहिलं नाव घेतलं गेलं. कॅम्पात पापड विकणारी एक सिंधी आई रडत रडत वर गेली, नारळ घेऊन खाली आली, आणि लगेच दुसरं नाव पुकारलं गेलं. ते भगवंतचंच होतं.

तो उठला. ताठ मानेने वर गेला, फडकं सोडलं आणि मालिनीबाईंपुढे नारळ धरला.

"ह्यो तुमचा नारल. बघून घ्या, फोडलेला नाय. पोर मी दिली नाय."

मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"क्या हुआ? क्या बोलते हैं?" होतचंदसाहेब विचारू लागले. मालिनीबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो... नाही हो... मी तर नुसतं आमंत्रण..." सरबताचा पेला हातात धरून श्रीपाद उभाच राहिला. त्याला आपण नवरा आहोत, हे आत्ता कळत होतं.

"परत घेता का नाय?" भगवंतने विचारलं.

बाईंचा हात नकळत पुढे झाला. अंजनीला दिसलं. बाईंनी नारळ परत घेतला की सगळं संपलं. मोडलेल्या सोयरिकीच्या दारी पुन्हा कुणी जात नाही, आणि तिच्या बापाच्या लेखी हे कॉलेज म्हणजे ते दार. नारळ बापाने ठेवला, तर ती दिलेली. नारळ अख्खा आहे तोवर तिची यातून सुटका नव्हती.

ती केव्हा उठली, तिचं तिला कळलं नाही. सतरंज्यांवरच्या माणसांमधून ती व्यासपीठावर गेली, तिने बापाच्या हातून नारळ ओढून घेतला, तशीच दाराशी आली आणि दोन्ही हातांनी सिमेंटच्या पायरीवर आपटला. एकदा. मग पुन्हा. नारळ फुटला. पाणी तिच्या पायांवर उडालं.

"अगो बया!" आत्या किंचाळली. "पोरीनं नारल फोडलान! बाईमानसानं!"

गोदूबाईने पदर तोंडाशी नेला. त्यांच्यात काय, कुणातच तेव्हा बाई नारळ फोडत नसे. अंजनीने आयुष्यात कधी तो फोडलेला नव्हता. हातांतली दोन भकलं पांढरीशुभ्र होती, आणि आपण काय केलं म्हणून ती त्यांच्याकडेच बघत राहिली.

भगवंत पायरीपाशी आला. आता हा मारतो, असं सगळ्यांना वाटलं.

"आपल्या घरात कुनी बाईनं नारल फोडला नाय," तो हळू म्हणाला.

"आपल्या घरातलं कुनी कालेजात पन गेलं नाय, बा." अंजनी म्हणाली. "फोडला म्हंजे सुपारीचा नाय ना ऱ्हायला? परसादाचा झाला ना?"

तिने खोबऱ्याचा तुकडा काढला आणि त्याच्यापुढे धरला. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं. भगवंत तुकड्याकडे बघत राहिला, मग तिच्या ओल्या पायांकडे, मग आत, जिथे ती सिंधी बाई आपला नारळ पोटाशी धरून बसली होती.

"तिलाबी सून करतात का काय ह्ये?" त्याने विचारलं.

"नाय बा. तिचा पोरगा माज्या वर्गात हाय. त्यांच्या घरातला पैला."

भगवंतने तुकडा तोंडात टाकला. चावत राहिला. मग उरलेली भकलं तिच्या हातून घेऊन तो आत गेला आणि मालिनीबाईंपुढे उभा राहिला. "घ्या बाय," तो म्हणाला. "चूक झाली आमची. पर पुढच्या येळी बापाला इचारा." बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. होतचंदसाहेबांना अजून काहीच कळलं नव्हतं. त्यांनी हार उचलला आणि भगवंतच्या गळ्यात घातला.

"मंग त्यो पोरगा?" आत्याने विचारलं. मग त्याच्याकडूनच तिने एक पेला सरबत मागून घेतलं.

कांडलेली हळद मात्र चांगली डबाभर होती. सोमवारी सकाळी तिच्यातलीच चिमूटभर घालून गोदूबाईने कालवण केलं. अंजनी ते घाईघाईने जेवली आणि होडीकडे पळाली.