कापड एकीकडे, काठ्या एकीकडे

मित्रांनो, मी एक जुना, दोन माणसांचा तंबू आहे. माझा रंग एके काळी नारिंगी होता. आता कसला आहे ते विचारू नका.

तंबूंच्या कारखान्यात मशीनवर बसणाऱ्या एका आईने उरलेल्या तुकड्यांतून मला आपल्या दोन मुलींसाठी शिवले. माझी शिवण दुहेरी आहे. इतक्या वर्षांत तिच्यातून पाण्याचा थेंब आत आला नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगतो.

थोरलीला डोंगरांचे वेड, आणि धाकटीला थोरलीचे. पण दोघींचे ‘तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना’. म्हणून आईने नियम घातला: कापड थोरलीच्या पाठीवर, काठ्या धाकटीच्या. “दिवसभर काय भांडायचं ते भांडा,” ती म्हणायची, “संध्याकाळी तंबू लावायला एकत्र यावंच लागेल.” नियम चोख चालला. भात कुणी करपवला, वाट कुणी चुकवली, यावरून अबोला धरलेल्या पोरी दिवस कलला की मुकाट्याने माझी टोके धरत. डोंगरातल्या कितीतरी तळ्यांच्या काठी मी असा उभा राहिलो. मी सुखी होतो.

शेवटच्या खेपेला आम्ही सर्वांत वरच्या तळ्यापाशी पोचलो. काठाला बर्फ होते आणि समोर शिखर. धाकटीची टाच सोलवटली होती.

“ताई, ढग बघ. उद्या जाऊ.”

“दोनदा तुझ्यापायीच परत फिरलेय मी. तू बस इथं. दोन तासांत जाऊन येते.”

“जा की. मी कुठं आडवी येतेय?”

थोरलीने रागाच्या भरात सॅक उचलली आणि ती चालू लागली. त्या सॅकमध्ये मी होतो. तिच्या ते ध्यानात आले नाही, आणि फुगून बसलेल्या धाकटीने हाक मारली नाही.

शिखर थोरलीने गाठले, पण उतरताना तिला ढगाने गाठले. बर्फ भुरभुरू लागले, पायाखालचे दिसेना. खडकाच्या आडोशाला तिने मला अंगाभोवती गुंडाळले. मी तिला जगवले. त्याचा मला अभिमान वाटायला हवा, पण वाटत नाही.

उजाडल्यावर ती तळ्यावर आली. काठ्या उभ्या होत्या. खुंट्या ठोकलेल्या, दोऱ्या ताणलेल्या. ताई आली की कापड नुसते वरून टाकायचे, एवढेच काम धाकटीने शिल्लक ठेवले होते. काठ्या घेऊन आपण खाली उतरलो तर ताईचे कसे होणार, म्हणून ती गेलीच नव्हती. काठ्यांच्या मध्ये, नेहमीच्या आपल्या बाजूला, ती भिजलेली स्लीपिंग बॅग लपेटून बसली होती. थोरलीने मला वरून टाकले, आत शिरली आणि बराच वेळ “ऊठ ना गं” म्हणत राहिली.

आईने मला धुतले, फाटलेले सांधले. “नियम माझाच होता,” एवढेच ती बोलली. आता मी माळ्यावर असतो आणि काठ्या धाकटीच्या पलंगाखाली. आम्हाला कोणी पुन्हा एकत्र आणलेले नाही, आणणारही नाही.

मित्रांनो, तंबूला ऊन दाखवा, ओला घडी करू नका, असे मी एरवी सांगितले असते. आता मागणे एकच आहे. भांडून निघालात तरी पाऊल उचलण्याआधी आपली सॅक उघडा, आणि दुसऱ्याचे जे आपल्याकडे राहिले असेल ते काढून ठेवा. त्याला दोन मिनिटेसुद्धा लागत नाहीत.

माझी शिवण अजून गळत नाही.