झोपून चालवायची सायकल

डॉक्टरांनी माझ्या मानेचा एक्स-रे उजेडासमोर धरला आणि दिवसभर काय करता म्हणून विचारलं. मी म्हटलं, पँटी शिवतो, खाली मान घालून. आणि रविवारी? रविवारी सायकल चालवतो, तीही खाली मान घालूनच. यावर ते म्हणाले की या मानेला दोन्हींतलं एकच काहीतरी झेपेल, कोणतं ते तुम्ही ठरवा. घर कात्रीवर चालत होतं, त्यामुळे सायकल भिंतीवरच्या हुकाला गेली.

खरं सांगायचं तर मला सायकलचं एवढं काही वाटलं नाही. वाईट वाटलं ते रविवारचं. आमचं खाली दुकान, वर घर. मी मापं घेतो आणि कापतो, बायको काजं करते, तुरपाई करते. दिवसभरात आमचं बोलणं काय, तर काळा दोरा संपला, आणि तो मिशीवाला आला तर उद्या ये म्हणावं. फक्त रविवारी सकाळी, शहराबाहेरच्या तळ्याकडे शेजारी शेजारी सायकली हाकताना आम्ही माणसांसारखे बोलायचो. ती कुणाकुणाच्या नकला करायची आणि मी हसता हसता तोल जाऊन तिच्या अंगावर जायचो.

मान गेल्यावरच्या पहिल्या रविवारी तिने विचारलं, मी पण राहू का घरी? मी मोठ्या मनाने म्हटलं, छे, तू जा की. माझी अपेक्षा अशी होती की ती म्हणेल, तुमच्याशिवाय कसलं जाणं. ती बूट घालून निघून गेली.

तेव्हापासून दर रविवारी ती जायची आणि परत येऊन तळ्याची खबर द्यायची. आज पाणी वर आलंय. बदकांना पिल्लं झाली आहेत. कुणीतरी जुन्या होडीला हिरवा रंग मारलाय. मी वा वा म्हणायचो आणि आतल्या आत जळायचो. आपल्यावाचून हिचं काही अडत नाही, ही भीती माझ्या मनात घर करून बसली. रात्रंदिवस तिच्याशेजारी बसून काम करणाऱ्या माणसाला तिची आठवण यावी, हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून मी सांगताना असं सांगितलं की मला व्यायामाची गरज आहे.

झोपून चालवायच्या सायकलीबद्दल मला एका गिऱ्हाइकाने सांगितलं. तिला रिकम्बंट म्हणतात. पाठ टेकायला खुर्ची, डोकं टेकायला उशी, पाय समोर, पेडल पुढच्या नळीच्या टोकाला. मान अगदी आरामात. डॉक्टरांना विचारलं तर त्यांनीही हरकत घेतली नाही. मी बायकोला घेऊन दुकानात गेलो.

दुकान चालवणारी मुलगी कोपरापर्यंत ग्रीसने माखलेली होती. तिच्याकडे दोनच होत्या. एक दोनचाकी, लांबलचक, जमिनीलगत, लाल. दुसरी तीनचाकी, पुढे दोन आणि मागे एक चाक, रंग राखाडी. पहिल्यांदाच घेताय तर तीनचाकी घ्या काका, ती पडत नाही, असं ती म्हणाली. मी तीनचाकीकडे नीट बघितलंही नाही. या शहरातल्या निम्म्या पुरुषांच्या कमरेचं खरं माप मला ठाऊक आहे, आणि त्यांना माझ्यावर हसायची संधी मी आजवर दिली नव्हती. तीन चाकं लहान मुलांना आणि पेशंटला शोभतात, असं मनाशी म्हणून मी लाल सायकलीच्या खुर्चीवरून हात फिरवला.

मुलगी म्हणाली, आधी माप घ्यावं लागेल. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचं, पाय सरळ समोर, आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजायचं. ती टेप शोधायला लागली तेव्हा मी तिला थांबवलं. आम्ही त्याच धंद्यातले, म्हटलं. बायकोच्या पर्समध्ये टेप असतोच. मी भिंतीशी पाय पसरून बसलो, बायकोने टेप लावला आणि आकडा मोठ्याने सांगितला. मुलीने त्याप्रमाणे पेडलची नळी पुढे ओढून पक्की केली.

आता आमच्या दुकानातली एक रीत सांगायला हवी. माप मी मोठ्याने सांगतो आणि बायको लिहून घेते. पण पोट सुटलेल्या माणसाच्या कमरेचा खरा आकडा चारचौघांत कोण सांगणार? मी तो थोडा कमी करून सांगतो. बुटक्या माणसाचा पाय थोडा वाढवून सांगतो. बायको मुकाट्याने खरा आकडा लिहिते, कारण माझ्या आवाजावरून तिला किती इकडेतिकडे केलंय ते कळतं. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि पँटही बरोबर बसते. इतक्या वर्षांत ती सवय आमच्या अंगात मुरली आहे.

त्या दिवशी माप सांगणारी बायको होती आणि लिहिणारी होती ती बिचारी मुलगी. बायकोने आकडा सांगितला तेव्हा मला, ही युक्ती ज्याने काढली त्या मला, क्षणभर खरंच वाटलं की आपले पाय बरे लांब आहेत. मी जरा ताठच उभा राहिलो.

मग दुकानाच्या मागच्या आवारात मी लाल सायकलीवर आडवा झालो. मुलीने मागून धरून ढकललं आणि सोडलं. पेडल माझ्यापासून दूर जायला लागलं. पाय पोचवायचा म्हणून मी खुर्चीत खाली सरकलो, मग आणखी सरकलो, आणि उशी जिथे डोक्याला असायला हवी तिथे ती कुठेच नव्हती. समोर मेंदीचं कुंपण होतं. मी ब्रेक शोधत होतो तोवर कुंपणानेच मला थांबवलं.

बायको धावत आली. लागलं का म्हणून विचारलं, नाही म्हटल्यावर हसू लागली, आणि हसता हसताच तिच्या लक्षात आलं. तिने तोंडावर हात ठेवला. मुलीला तिने काय सांगितलं ते मला कुंपणातून ऐकू आलं नाही, पण मुलगी पाना घेऊन आली आणि नळी बरीच आत सरकवली. तिने माझ्याकडे न बघता ते केलं, हे तिचे उपकार.

तरी मी लाल सायकलीला चिकटून होतो. म्हटलं, आता नळी बरोबर झाली आहे, आता जमेल. बायकोने माझ्या केसांतली पानं काढली.

"अहो, रस्त्याने तुमच्याबरोबर मी असणार आहे," ती म्हणाली. "मला राखाडी आवडली."

आम्ही राखाडी घेतली.

पुढच्या रविवारी आम्ही निघालो. माझं डोकं तिच्या गुडघ्याच्या उंचीवर. लग्न झाल्यापासून मी मनाने बायकोकडे खालून वर बघत आलो आहे, आता शरीरानेही बघायला लागलो. कोपऱ्यावर तो मिशीवाला भेटला आणि त्याने मला वाकून नमस्कार केला, कारण वाकल्याशिवाय मी त्याला दिसत नव्हतो. एका कुत्र्याने माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. बायकोने मिशीवाल्याची नक्कल केली आणि मी हसलो, आणि या वेळी माझा तोल गेला नाही. मला फार फार बरं वाटत होतं.

शेवटची घरं मागे पडली आणि कालव्यावरचा अरुंद पूल आला. त्यावरून फक्त पायी जाणारे आणि सायकलवाले जातात, आणि तळ्याला जायला दुसरी वाट नाही. पुलाच्या तोंडाशी दगड रचलेले होते. बंद असल्याची पाटी होती, आणि त्या पाटीवर वेल चढून वाळून गेला होता.

मी ब्रेक लावला. बायको सायकलवरून उतरून पाटीकडे बघत राहिली. हा पूल बंद आहे हे तिलाही आत्ताच कळत होतं.

"मग बदकं?" मी विचारलं.

तिने पाटीवरचा वाळका वेल बाजूला केला.

"पहिल्या रविवारी शाळेजवळच्या बाकापर्यंत गेले," ती म्हणाली. "पुढे एकटीला जाववेना. मग दर वेळी तिथेच बसून परत यायचे."

"मग मला तसं सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, बरं झालं, राहा घरी. आणि आपण दोघंही घरात बसून राहिलो असतो."

मला उठून तिच्याजवळ जायचं होतं. पण त्या खुर्चीतून एकट्याने उठणं मला अजून जमत नव्हतं. मी हात वर केला. तिने तो धरला, पण मला ओढून उठवलं नाही. सायकल कडेला आडवी टाकून ती माझ्याशेजारी रस्त्यावरच बसली.