बोटभर तेलाची जागा

मित्रांनो, मी एका जुन्या मोटारसायकलच्या ब्रेकचा दांडा आहे. हाताने दाबायचा नव्हे, त्या काळच्या गाड्यांना असायचा तसा डाव्या पायाखालचा. गाडी पाहायला आलेला माणूस आधी टाकी पाहतो, मग दिवा पाहतो. माझ्यापर्यंत नजर क्वचितच उतरते.

कारखान्यात मला काळा रंग देऊन भट्टीत भाजलं होतं. तो रंग झगमगत नसे. नव्या पाटीसारखा शांत काळा. त्रेसष्ट साली सिहोऱ्याच्या जागेश्वर फिटरांनी गाडी घेतली आणि तेव्हापासून रोज चिखल्याच्या खाणीत जाणं-येणं सुरू झालं. त्यांच्या जड बुटाखाली माझा रंग हळूहळू उडाला. आतलं लोखंड उघडं पडलं, मग तेही झिजलं आणि बुटाच्या टाचेपुढच्या भागाएवढा एक उथळ खळगा तयार झाला. संध्याकाळी दारासमोर त्यांनी मला दाबलं की चाक बारीकसं किंचाळे, आणि आत त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई चहाचं आधण ठेवत.

दसऱ्याला सगळे गाडीच्या दिव्याला कुंकू लावतात. सुलोचनाबाई वाकून मला लावायच्या.

"अवो, गाडीचं तोंड समोर हाय," जागेश्वर हसायचे.

"तोंडाले काय करू? दारासमोर गाडी हाच थांबवते ना!"

चौऱ्याहत्तर साली जागेश्वर काविळीने गेले. गाडी गोठ्यात गेली, भाताच्या तणसाच्या ढिगाआड. कुंकू थांबलं. एकेक करून सगळ्या भागांना गंज चढला. समोरच्या ब्रेकची मूठ तर जागीच धरून बसली. आम्ही इतकी वर्षं एका गाडीवर राहिलो, पण गोठ्यात कोणी कोणाशी बोललं नाही.

फक्त पहाटे पावलं वाजायची. सुलोचनाबाई तुळशीला पाणी घालत, देवापुढे दिवा लावत. वात सारखी करताना बोटाला तेल लागे. ते बोट तसंच घेऊन त्या गोठ्यात येत आणि माझ्या खळग्यावरून एकदा फिरवत. एकादशी असो, ताप असो, दहा वर्षांत तो नेम चुकला नाही. कोणाला त्यांनी तो सांगितलाही नाही.

साकोलीला कचेरीत नोकरी करणारा त्यांचा पुतण्या तेजराम चौऱ्याऐंशी साली आला. मायाळू पोरगा. "काकू, काकाजीची गाडी दुरुस्त करून आणतो," म्हणाला. सुलोचनाबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहिल्या. काही सांगायचं होतं त्यांना. शेवटी एवढंच म्हणाल्या, "लवकर आणजो बापा."

साकोलीच्या बाबूलाल मिस्त्रींनी मला सोडवून हातात घेतलं आणि उजेडात फिरवून पाहिलं.

"तेजरामभाऊ, हा काळा रंग कंपनीचा हाय. भट्टीतला. असा आता कोनी देत नाही. आन् हे पाहा, पूऱ्या गाडीले जंग लागला, पन हे बोटभर जागा साफ हाय. रोज कोनी तरी तेल लावते इथं."

"गोठ्यात म्हशी रायतेत. त्याच लावत असन!"

"मजाक नोका करू. घरी विचारून घ्या एकडाव."

"सांगतलं त मजा काय रायली? दसऱ्याले अचानक नेऊन उभी करतो. क्रोम चढवा. काकूले नवी कोरी दिसली पाह्यजे."

मला ओरडता आलं असतं तर! पण आम्हाला आवाज फुटतो तो पायाखाली आल्यावरच. बाबूलालनी मला थोडा वेळ बाजूला ठेवलं, पुन्हा उचललं. मग खळग्यात पितळ वितळवून भरलं, घासून सपाट केलं. क्रोम चढवायला मला नागपूरला धाडलं आणि तिथून मी परतलो तो आरशासारखा होऊन.

दसऱ्याला दारासमोर गाडी थांबली. चाक किंचाळलं नाही. सुलोचनाबाई बाहेर आल्या, गाडीभोवती एक फेरी मारून माझ्यापाशी वाकल्या.

"पाह्य न काकू, चेहरा दिसते!" तेजराम म्हणाला.

त्यांनी बराच वेळ पाहिलं. बोटांनी इकडे चाचपलं, तिकडे चाचपलं.

"दिसते," त्या हळूच म्हणाल्या. "माहाच दिसते." मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "लय सुंदर केली रे बापा."

दुसऱ्या दिवशी पहाटे पावलं वाजली. तेलाचं बोट माझ्यापर्यंत आलं, हवेत थांबलं आणि मागे गेलं. ते त्यांनी स्वतःच्या पांढऱ्या केसांना पुसलं. त्यानंतर पावलं तुळशीपर्यंतच येतात.

मित्रांनो, जुनी वस्तू जरूर दुरुस्त करा. पण घासायला घेण्याआधी घरातल्या माणसाला एवढं विचारा, की ही कुठे झिजली आणि कोणाच्या पायाने.

माझ्यावर आता गंज चढत नाही. मला तेल लागत नाही.