धनगराच्या पोरीचं पुस्तक

सोलापूरच्या वसतिगृहात राहून दहावी पास झालेली मायाक्का सुट्टीला आली ती एक कादंबरी छातीशी धरूनच. साल एकाहत्तर. कुंभारीच्या एका शेतात तिच्या बापाच्या, येडूच्या, मेंढ्या खतासाठी बसल्या होत्या.

कादंबरीतली पोर धनगराची होती. कपाळाला बिरोबाचा भंडारा, डोक्यावरून घोंगड्याची खोळ, कोकरांमागे धावत धावत मोठी होणारी. तोवर मायाक्कानं वाचलेल्या गोष्टींतल्या पोरी अंगणात रांगोळ्या काढायच्या नाहीतर पेटी वाजवायच्या. आपल्यातली पोर छापून येते हेच तिला ठाऊक नव्हतं. पुस्तक वाचताना ती रडली होती, आणि त्याची तिला मुळीच लाज वाटत नव्हती.

तळावर मात्र भलतंच शिजत होतं. येडूनं वळसंगच्या बिरप्पाला, त्याच्या मुलासाठी, शब्द देऊन टाकला होता. चार दिवसांनी सुपारी फुटणार होती. अकरावीचं नाव काढलं की येडू उठून मेंढ्यांकडे जायचा, आणि आई अंबुबाई खाली मान घालून चूल फुंकायची.

मायाक्का हार मानणाऱ्यातली नव्हती. आईला पुस्तक वाचून दाखवायचं, तिचं मन वळवायचं आणि शेवटाच्या आधी थांबायचं, असा तिनं बेत केला. कारण शेवटी त्या पोरीची शाळा सुटते आणि तिचं लग्न लागतं.

दोन दुपारी लिंबाखाली वाचन चाललं. अंबुबाई लोकर पिंजता पिंजता "व्हय, आसंच की" म्हणायची. एका जागी मात्र तिचा हात थांबला.

"नवं कोरं घोंगडं नदीवर धुतलं? चिंचोक्याची खळ सगळी वाहून जाईल की. लिवणाऱ्यानं घोंगडं लांबनंच बगितलंय." मग हसून म्हणाली, "पर बगितलं तरी. वाच म्होरं."

बेत फसला तो इथंच. अंबुबाई थांबूच देईना. पुस्तकाची राहिलेली पानं तिला दिसत होती. अखेर मायाक्कानं मन घट्ट केलं आणि खोटं न घालता शेवटपर्यंत वाचलं.

"आन् तिची आय काय म्हनली?" अंबुबाईनं विचारलं.

"काय न्हाय. पदर डोळ्याला लावला, एवढंच लिवलंय."

"साऱ्या पुस्तकात ती कुटं बोलली?"

मायाक्कानं पानं मागंपुढं चाळली. त्या आईच्या तोंडी एक वाक्य नव्हतं. दोनदा वाचून हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही, याचं तिला वाईट वाटलं.

अंबुबाईनं हातातली लोकर बाजूला ठेवली. तेवढ्यात येडू पाणी प्यायला आला. त्याच्या हाती तांब्या देत ती म्हणाली, "अवं, बिरप्पाला सांगा, परवा येऊ नगा. पोरगी अकरावी करनार हाय."

"मी शबुद दिलाय."

"तुमी दिलाय. मला कुनी इचारलं?"

"आजवर तू कदी बोलली न्हाईस."

"म्हनून तर आमाला आसं लिवत्यात."

येडूनं पोरीकडे पाहिलं, पुस्तकाकडे पाहिलं. सगळं पाणी प्याला. मग पटका नीट बांधून वळसंगच्या वाटेला लागला. त्याची पाठ दिसेनाशी होईपर्यंत अंबुबाई उभीच होती, आणि पदर तिनं डोळ्याला नव्हे, कमरेला खोचला होता.