चिपचं वाळवण

सूर्यप्रकाशाने अज्ञानाचा अंधार दूर होतो, हे आपण शाळेच्या भिंतीवर वाचत वाढलो. १९८८च्या एप्रिलात राजारामपुरीतल्या एका गच्चीवर त्याच सूर्यप्रकाशाने ज्ञान पुसायचं काम चाललं होतं, आणि तेही धड होत नव्हतं.

गच्चीखाली गणपतराव मोहित्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट. सोळा टाइपरायटर आणि दिवाळीपासून एक संगणक. त्याला गणपतरावांनी वीस मेगाबाइटची हार्डडिस्क आणली आणि 'अक्षय तृतीयेपासून हार्डडिस्कसह संगणक वर्ग' अशा चार भिंती रंगवून घेतल्या. अडचण एवढीच की संगणक डिस्कला ओळखच देईना.

समोर शमशुद्दीन मिस्त्रींचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एकही रेडिओ मुका परत गेला नव्हता. पण टीव्ही आल्यापासून मुके रेडिओच यायचे बंद झाले होते. गणपतरावांनी त्यांना शब्द दिला : डिस्क चालू करा, आमच्या पाटीवर 'हार्डवेअर विभागप्रमुख' म्हणून तुमचं नाव लागेल. पाटी रंगवून तयार होती. सध्या ती भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मिस्त्रींनी संगणक उघडला, त्याच्याबरोबर आलेलं पुस्तक वाचलं आणि तिसऱ्या दिवशी निदान सांगितलं.

"सर, संगणक उठतो तवा त्याला स्वतःचं नावबी ठावं नसतंय. मदरबोर्डावरची ही चिप त्याला सांगती, हा तुझा कीबोर्ड, हा तुझा पडदा, ह्या तुझ्या फ्लॉप्या. डिस्कचं तिनं नावच घेतलेलं न्हाय. जुनं पुसायचं, नवं लिवायचं. इषय संपला."

नवा मजकूर पुण्याच्या विक्रेत्याने फ्लॉपीवर पाठवला. तो चिपवर लिहायचं यंत्र शिरोलीच्या एका कारखान्यात होतं. पुसायचा अतिनील दिवा मात्र तिथे फुटलेला होता, आणि कोरी चिप मागवायची तर तीन आठवडे. पुस्तकात एक बारीक टीप होती : कडक उन्हात आठवडाभर ठेवली तरी पुसली जाते. कारखान्यातल्या इंजिनिअरने सुचवलं, आधी जुन्या मजकुराची नक्कल तरी काढून ठेवा. मिस्त्री म्हणाले, आपल्याला मागं जायचंच नाही.

म्हणून त्यांनी संगणकातली तसली एकुलती एक चिप गच्चीवर नेली. अंगठ्याएवढी वस्तू, दोन्ही अंगांना चौदा-चौदा पाय, पाठीवर काचेची खिडकी. खिडकीवरचा कागद सोलला की ऊन आत जाणार. गच्चीवर गणपतरावांच्या पत्नी शालूबाई यांचे उडदाचे पापड वाळत होते. राखण आयतीच मिळाली. शालूबाईंनी चिपला गोम म्हणायला सुरुवात केली, पण जागा दिली.

मिस्त्री रोज सकाळी खिडकी आभाळाकडं करून चिप मांडायचे. संध्याकाळी शालूबाई ती पापडांबरोबर डब्यात भरून ठेवायच्या. नऊ दिवसांनी मिस्त्री सायकलवरून शिरोलीला गेले. यंत्राने सांगितलं, चिप कोरी नाही. अर्धं पुसलंय, अर्धं तसंच आहे. म्हणजे आता जुनंही चालणार नव्हतं आणि नवंही लिहिता येणार नव्हतं.

अक्षय तृतीयेला चार दिवस उरले होते. मिस्त्रींनी दोष उन्हाला दिला. पाटीवरचं एक नाव खोडायला किती वेळ लागतो, एवढंच गणपतरावांनी पेंटरला विचारून ठेवलं. हे मिस्त्रींना पेंटरनेच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी चिप पुन्हा उन्हात मांडली आणि दुकान न उघडता गच्चीवरच बसले. अकराच्या सुमारास शालूबाई आल्या, एकेक पापड उलटत गेल्या, आणि शेवटी त्याच सफाईने चिपही उलटून पाय वर करून ठेवली.

मिस्त्रींनी पाहिलं, खिडकी आता जमिनीकडं तोंड करून होती.

"वैनी, हे रोज करता?"

"मग? एकाच अंगानं वाळवली तर दुसऱ्या अंगाला बुरशी येती की."

मिस्त्रींनी चिप सुलटी केली आणि शांतपणे समजावलं की हिला एकच अंग आहे. शालूबाईंना ते पटलं नाही, पण विभागप्रमुख होऊ घातलेल्या माणसाशी वाद नको म्हणून त्यांनी मान्य केलं. तो दिवस धरून तीन दिवस त्या स्वतःची सावलीही चिपवर पडू न देता बसल्या. पापडांना मात्र त्यांनी पहिल्यासारखंच उलटलं.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी ऊन कलल्यावर शिरोलीच्या यंत्राने चिप कोरी असल्याचं मान्य केलं आणि नवा मजकूर लिहून दिला. मिस्त्रींनी खिडकीवर कागद चिकटवला, म्हणजे पुन्हा ऊन नको. सकाळी नारळ फुटला. चिप अठ्ठावीस पायांनी बोर्डावर बसली. संगणकाने कीबोर्ड ओळखला, फ्लॉप्या ओळखल्या, क्षणभर थांबला, आणि डिस्कचा तांबडा दिवा लुकलुकला.

"म्हंजे वाळली म्हणायची," शालूबाई म्हणाल्या.

गणपतरावांनी स्वतः पाटी सुलटी केली. मिस्त्रींनी ती स्वतःच्या हाताने, पातळी लावून, दारावर ठोकली. मग विभागप्रमुख या नात्याने त्यांनी संस्थेकडचे यच्चयावत प्रोग्रॅम डिस्कवर उतरवले. त्याला चार मिनिटं लागली.

ते सगळे आधी एकाच फ्लॉपीवर होते.